कर्नाटक कृतीतली भक्ती ऐकायची कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "अभंग आणि ख्याल ऐकत मोठा झालो. मित्राच्या आग्रहाने षण्मुखानंदात एक कर्नाटक मैफल ऐकली. गायिका तयारीची होती, पण पहिले दोन तास काहीतरी हिशेब चाललाय असंच वाटत राहिलं. शेवटी तिने एक अभंग घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. हे संगीत भक्तीचं आहे असं सगळे म्हणतात. मग ती भक्ती मला शेवटच्या सात मिनिटांतच का सापडली?"

मी डोंबिवलीत तीसेक वर्षं कर्नाटक गायन शिकवते. घरी शिक्षण मराठी, आधीची काही वर्षं हिंदुस्थानी, मग माटुंग्याच्या एका मामींकडे हे गाणं. त्यामुळे तुम्ही ज्या खुर्चीत बसला होतात, तिथे मीही बसले आहे. अभंग तुम्हाला भिडला त्याचं कारण साधं आहे: त्याचे शब्द तुम्हाला कळत होते. आधीच्या दोन तासांत शब्द तितकेच होते, किंबहुना जास्त होते, पण तुम्ही ते स्वरांचे खांब समजून ओलांडून गेलात. ख्यालाची सवय असली की असंच होतं. ख्यालात बंदिशीचे शब्द दोन-तीन आवर्तनांत मागे पडले तरी आपलं काही अडत नाही. कृतीचं, म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी, चरण अशी बांधलेल्या कर्नाटक रचनेचं, तसं नाही. शब्द काढून घेतलात तर हातात जे उरतं ते तुम्ही म्हणता तसंच, बऱ्यापैकी हिशेबासारखं.

आणि गंमत अशी की ते शब्द तुम्हाला वाटतात तितके परके नाहीत. एकच कृती घेऊन बघू. त्यागराजांची 'निधि चाल सुखमा', राग कल्याणी, ताल मिश्र चापू. मुद्दाम ही निवडली, कारण हिच्या मागे एक मराठी माणूस उभा आहे.

त्यागराज (१७६७–१८४७) तिरुवारूरला जन्मले आणि कावेरीकाठच्या तिरुवैयारूला राहिले. तंजावर तिथून जवळच, आणि तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजी राजांनी त्यांना दरबारात बोलावलं, नजराणा पाठवला, तो त्यांनी परत केला आणि ही कृती गायली, असं सांगतात. दंतकथा म्हणून ऐका. कृतीत राजाचं नावही नाही. पण दंतकथा खोटी असली तरी ती या शब्दांना चिकटली आहे हे खरं, आणि शब्द वाचले की का चिकटली ते कळतं.

पल्लवी: 'निधि चाल सुखमा, रामुनि सन्निधि सेव सुखमा, निजमुग पल्कु मनसा'. यातला 'चाल' म्हणजे आपली गाण्याची चाल नव्हे (माझा प्रत्येक मराठी विद्यार्थी इथे फसतो), तेलुगूत 'चाल' म्हणजे पुष्कळ. 'निजमुग पल्कु' म्हणजे खरं सांग. बाकी सगळं तुमच्या घरचं आहे: निधी, सन्निधी, सेवा, सुख, मन. पुष्कळ धन सुखाचं, की रामाच्या सन्निधीतली सेवा सुखाची? खरं सांग, मना. निधी आणि सन्निधी हा खेळ तर मराठी कानाला भाषांतराशिवाय कळतो.

अनुपल्लवीत दही, लोणी, दूध रुचकर, की दाशरथीच्या ध्यानभजनाचा सुधारस रुचकर, असं विचारलंय: 'दधि नवनीत क्षीरमुलु रुचो'. चरणात 'दम शममनु गंगास्नानमु', म्हणजे दम आणि शम (इंद्रियांचा आणि मनाचा संयम) नावाच्या गंगेत स्नान सुखाचं, की 'कर्दम दुर्विषय कूप स्नानमु', विषयांच्या चिखलविहिरीत डुंबणं सुखाचं? कर्दम म्हणजे चिखल, कूप म्हणजे विहीर. शाळेत संस्कृत घेतलेल्याला शब्दकोश उघडायला लागत नाही. आणि मग शेवटी: 'ममता बंधन युत नरस्तुति सुखमा, सुमति त्यागराज नुतुनि कीर्तन सुखमा'. ममतेच्या बंधनात अडकलेल्या माणसाची स्तुती सुखाची, की त्यागराजाने ज्याला स्तविलं त्याचं कीर्तन?

आता हे पुन्हा वाचा. प्रत्येक ओळीत एकच प्रश्न, दोन पारडी, आणि उत्तर कुठेच दिलेलं नाही. 'मना' असं हाक मारून विचारणं आपल्याला समर्थांमुळे पाठ आहे. पण समर्थ मनाला सांगतात, त्यागराज मनाला विचारतात. हे नुसतं वाचूनही कळतं. गाण्यात जे होतं ते याच्या पुढचं.

पल्लवीची ओळ गायक एकदा म्हणून पुढे जात नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी वेगळी. या बदलांना संगती म्हणतात. त्या गायकाला तिथल्या तिथे सुचलेल्या नसतात; गुरूकडून आलेल्या, ठरलेल्या असतात. पहिल्यांदा प्रश्न अगदी साधा, बोलल्यासारखा. मग 'सुखमा'वर थोडी हालचाल, मग आवाज वर चढतो, मग 'निजमुग पल्कु'ला वेगळाच दाब येतो. घरात कोणी आपल्याला तोच प्रश्न पाच वेळा विचारतं, तेव्हा पाचव्या वेळी तो पहिल्यासारखा उरतो का? संगती ऐकताना एवढंच धरून ठेवा. मामी मला म्हणायच्या, "संगती मोजू नकोस, प्रश्न कितीदा विचारला ते मोज." तेव्हा मला ते अवघड बोलणं वाटलं होतं. त्यांनी मला आधी सबंध साहित्य, म्हणजे कृतीचे शब्द, देवनागरीत वहीत लिहायला लावलं, शब्दाखाली अर्थ, अर्थाखाली ताल, आणि पंधरा दिवस सूर लावूच दिला नाही. नुसतं तालात म्हणायचं. 'नर' म्हणून श्वास घेतला आणि 'स्तुति' पुढच्या श्वासात गेली, म्हणून एकदा मांडीवरचा त्यांचा हात जागीच थांबला. रागावल्या नाहीत. "कुणाचं कौतुक करायला निघालीस, ते तरी पुरं कर," एवढंच म्हणाल्या.

तालाचंही इथेच सांगून टाकते. मिश्र चापू सात मात्रांचा, तीन अधिक चार: तकिट तकधिमि. आपला रूपकही सातचाच, पण तीन-दोन-दोन असा पडतो आणि त्याची समेवरची खाली वेगळी. चापू चालताना थोडा लंगडतो, एक पाऊल आखूड. या लंगडीत प्रश्न बसवला आहे, म्हणून तो सरळ आठ मात्रांतल्या प्रश्नासारखा ठाम वाटत नाही. हे माझं मत, पाठ्यपुस्तकातलं नाही. पण मांडीवर ताल धरून बघा.

कल्याणी म्हणजे स्वरांनी आपला यमन. फक्त यमनात आपण स्वरावर उभे राहतो, कल्याणीत जवळजवळ प्रत्येक स्वराला गमक चालतो, स्वर हलत हलतच जागेवर येतो. यमनाच्या कानाने ऐकलंत तर पहिला अर्धा तास 'सूर लागत कसा नाही' असं वाटेल. लागलेला असतो. त्याची जागा एक बिंदू नसून एक छोटं अंगण असते, असं समजा. (आणि ओळखीच्या नावांनी फसू नका. त्यांची भैरवी आपली भैरवी नव्हे. आपल्या भैरवीचे स्वर त्यांच्या तोडीत सापडतात. मोहनम् मात्र भूपच, आणि त्यांचा हिंदोळम् म्हणजे मालकंस.)

आता मुख्य जागा. निरवल.

कृती गाऊन झाली की गायक त्यातली एक ओळ निवडतो आणि तीच घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसतो. निरवल म्हणजे तमिळमध्ये भरणं. नियम कडक आहे: ओळीतली अक्षरं तालाच्या ज्या मात्रांवर होती तिथेच पडली पाहिजेत, फक्त त्यांच्यावरचे स्वर बदलायचे. म्हणजे घर तेच, दारं-खिडक्या तिथेच, आत मात्र दर वेळी वेगळा उजेड. आधी धिम्या लयीत, बहुतेक मध्य सप्तकाच्या आसपास. मग आवाज वर जातो. मग तीच ओळ दुगुनीत. व्हायोलिन प्रत्येक वेळी पाठोपाठ उत्तर देतं. व्हायोलिनला शब्द नसतात, तरी चांगला वादक गज तिथेच वळवतो जिथे अक्षर तुटतं. हे ऐकायला लागलात की तुम्ही अर्धी लढाई जिंकलीत.

'निधि चाल सुखमा'मध्ये निरवलीसाठी बहुतेक गायक 'ममता बंधन युत नरस्तुति सुखमा' हीच ओळ निवडतात. का? लांबी सोयीची आहे, कल्याणी पसरायला स्वर मोकळे आहेत, हे झालं तांत्रिक उत्तर. पण जरा विचार करा. गायक मंचावर आहे. समोर हजार माणसं, पहिल्या रांगेत सभेचे अध्यक्ष, प्रायोजक, मागे त्यांच्या कंपनीची पाटी. आणि तो पंधरा मिनिटं विचारतो आहे, माणसाची स्तुती सुखाची का? त्याचं स्वतःचं पोट त्या स्तुतीवर चालतं. एखादा गायक ही ओळ घेताना जरा खाली बघतो. एखादा अजिबात बघत नाही, तयारी दाखवत सुटतो, आणि मग ती ओळ त्याच्यावरच उलटते. मी दोन्ही प्रकार ऐकले आहेत. तुम्ही म्हणता ती भक्ती मला या जागी सापडते.

आपल्या कीर्तनात बुवा अभंगाचं एक चरण घेतात, त्यावर निरूपण करतात, फिरून त्याच चरणावर येतात. तुम्ही ते ऐकलं असेलच. निरवल हे तेच काम करते, फक्त दृष्टांत, गोष्टी, विनोद यांच्याऐवजी रागाने. आणि कीर्तनाला जाताना आपण जसं आधी अभंग कोणता ते विचारतो, तसंच इथेही ओळ कोणती ते माहीत हवं. एक ओळ. सगळी कृती पाठ असायची गरज नाही. गायक ज्या ओळीवर थांबेल तिचा अर्थ तेवढा कळला पाहिजे.

मग येतो तो भाग, ज्याला तुम्ही हिशेब म्हणालात: कल्पनास्वर. गायक 'स रि ग म' अशी नावं घेत स्वर म्हणतो आणि प्रत्येक वेळी निरवलीच्या त्याच ओळीवर येऊन बसतो. पहिल्यांदा एक आवर्तन, मग दोन, मग चार, शेवटी एक लांबलचक तिहाईसारखी रचना, तिला कोरवै म्हणतात, आणि धाडकन 'ममता'. इथे तुमची तक्रार मला पूर्ण चुकीची वाटत नाही. तमिळमध्येच याला 'कणक्कु' म्हणतात, शब्दशः हिशेब. 'नरस्तुति सुखमा' असं जीव तोडून विचारल्यावर लगेच पाच-पाचचे, सात-सातचे गट मोजायला घेणं मलाही कधी कधी बाजारासारखं वाटतं, आणि असं वाटणारे जाणते श्रोते चेन्नईतही भेटतात. पण चांगल्या हातात तोच हिशेब वेगळा होतो. स्वर म्हणत म्हणत गायक ओळीपासून खूप दूर जातो, आपण ती जवळजवळ विसरतो, आणि मग नेमक्या मात्रेवर तो शब्द परत समोर उभा राहतो. कीर्तनकार आख्यानात हरवून एकदम ध्रुवपदावर येतो आणि टाळकरी सरसावतात, तसंच. तुम्ही गट मोजू नका, ते काम मृदंगवाल्याचं आहे. तुम्ही फक्त ओळ कधी परत येते याकडे लक्ष ठेवा.

त्यागराजांचं सांगितलं म्हणजे सगळ्यांचं सांगितलं असं नाही. तिथले रसिक तीन मोठ्या रचनाकारांना तीन फळांची उपमा देतात: त्यागराजांची रचना द्राक्षासारखी, तोंडात टाकताच रस, श्यामशास्त्रींची केळ्यासारखी, थोडं सोलायला हवं, मुत्तुस्वामी दीक्षितरांची नारळासारखी, फोडायलाच लागते. उपमा जुनी आहे आणि मला फारशी आवडत नाही, कारण ती ऐकून लोक दीक्षितरांकडे वळतच नाहीत. मराठी माणसाला उलट दीक्षितरच सोपे जायला हवेत. ते संस्कृतात लिहितात. तिरुवारूरच्या कमलांबेवर त्यांनी नवावरण कृती केल्या, त्यात एकेक विभक्ती घेऊन कृती बांधली आहे: एकीत देवी कर्ता, दुसरीत कर्म, तिसरीत करण. शाळेत 'प्रथमा, द्वितीया' घोकलेल्याला याची गोडी लगेच कळेल. त्यांची भक्ती बोलत नाही, प्रश्न करत नाही. ती देवळाभोवती सावकाश फिरते, प्रत्येक मूर्तीपाशी थांबते, तिच्या हातातली आयुधं सांगते, आणि मग मध्यमकालात, म्हणजे शेवटच्या द्रुत ओळींत, पावलं एकदम भराभर पडू लागतात. 'वातापि गणपतिम्' ही त्यांची कृती तुम्ही ऐकलेली असणार, हंसध्वनीतली. हा राग त्यांच्या वडिलांनी, रामस्वामी दीक्षितरांनी, घडवला असं मानतात. तो आपल्याकडे आला भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांमुळे. त्यांची 'लागी लगन' ही बंदिश आज कुठल्याही संगीत वर्गात शिकवतात. मुंबईतलीच गोष्ट आहे ही.

श्यामशास्त्री (१७६२–१८२७) तंजावरच्या बंगारू कामाक्षीचे पुजारी. त्यांचं सगळं बोलणं आईशी. त्यांचा भैरवीतला स्वरजती 'कामाक्षी अनुदिनमु' जरूर ऐका, त्याचाही ताल मिश्र चापूच. त्यात चरणं एकामागून एक येतात आणि प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा वरच्या स्वरावर सुरू होतं. सा, मग रे, मग ग, असं चढत वरच्या सापर्यंत. कागदावर ही कारागिरी वाटते. ऐकताना मात्र लहान पोर आईला हाक मारतंय, ती आतल्या खोलीत आहे, ऐकत नाही, म्हणून पोराचा आवाज दर हाकेला चढतोय, असंच वाटतं. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला तेलुगूचा एक शब्दही येत नव्हता. म्हणजे वर शब्दांबद्दल एवढं ठासून सांगितलं त्याला हा अपवाद मानावा लागेल. मानते.

शेवटच्या ओळींत नाव ऐकायला शिका. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' आपल्याला सवयीचं आहे. तिथे त्याला मुद्रा म्हणतात. 'त्यागराज' म्हणजे त्यागराज, 'गुरुगुह' म्हणजे दीक्षितर, 'श्यामकृष्ण' म्हणजे श्यामशास्त्री, 'पुरंदर विठ्ठल' म्हणजे पुरंदरदास. हो, तोच विठ्ठल, आणि कर्नाटक संगीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची सुरुवात या विठ्ठलाच्या दासाने घालून दिलेल्या सरळीवरशांनी, म्हणजे स्वरांच्या पहिल्या पलट्यांनी, होते, मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत. तमिळ, तेलुगू, मल्याळी घरांतली मुलं सकाळी त्या घोटतात. मुद्रा एक छोटी खूण आहे, पण मैफिलीत झोप लागायला आली की ती माणसाला जागं करते.

आता तुमच्या अभंगाकडे. तो शेवटी आला म्हणजे मुंबईच्या मराठी श्रोत्यांना खूश करायला आला, असं समजू नका. चेन्नईतही येतो. अरुणा साईराम यांनी नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' इतका गायला आहे की तिकडचे श्रोते आता फर्माईश करतात. पण वाट त्याच्या फार आधीची आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांची सत्ता होती. तिथे मराठी कीर्तनकार गेले, समर्थांचे मठ झाले, आणि एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाच्या धर्तीवर तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी ही वृत्तं त्या हरिकथेत आजही आहेत. दक्षिणेतल्या भजनसंप्रदायात नामदेव-तुकाराम तेलुगू-संस्कृत पदांच्या बरोबरीने म्हणतात, टाळ-मृदंगावर, झांजा घेऊन. तेव्हा तुम्ही षण्मुखानंदात जो अभंग ऐकलात तो तंजावरहून फिरून घरी आलेला होता.

यातली एक खोच सांगते. तिकडच्या काही गायकांचं 'माझे' 'माजे' होतं, 'चंद्रभागे'तला 'च' आणि 'चाले'तला 'च' एकच होतात. आपल्याला खटकतं. एकदा वर्गातल्या एका आजोबांनी अशी तक्रार केली, तेव्हा मी त्यांना माझ्या विद्यार्थ्याचं तेलुगू ऐकणाऱ्या हैदराबादच्या माणसाचा चेहरा कसा होतो ते सांगितलं. दुसरी खोच जरा गंभीर. अभंग बहुधा मैफिलीच्या शेवटी, घाईत, टाळ्या घेण्यासाठी गायला जातो. 'विठ्ठल विठ्ठल' वाढवत नेलं की सभागृह ठेका धरतं. वाईट नाही. पण दीड तासापूर्वी त्याच गायिकेने ज्या ओळीवर पंधरा मिनिटं दिली, तिचा शब्द तुम्हाला कळला असता तर कदाचित पाणी तेव्हाच आलं असतं, आणि शेवटच्या टाळ्या तुम्हाला जरा जास्त वाटल्या असत्या.

आता करायचं काय? मी नव्या श्रोत्यांना एकच कृती देते आणि महिनाभर दुसरी ऐकू देत नाही. 'निधि चाल सुखमा' घ्या. वर दिलेले शब्द वहीत लिहा. तीन-चार वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं शोधा, जुनी-नवी, पुरुष-बाई, कशीही. सुरुवातीचं आलापन पहिल्या आठवड्यात हवं तर सोडून द्या. शुद्धतावाद्यांना सांगू नका मी असं म्हटलं. एकाने 'निजमुग'वर कुठे दाब दिला, दुसऱ्याने 'सुखमा' कसा सोडला, एवढंच बघा. मग आलापनाकडे परत जा. तेव्हा कळेल की शब्द येण्याआधीच गायक त्याच अंगणात झाडलोट करत होता.

राग ओळखण्याचा खेळ मात्र सुरुवातीला खेळू नका. माटुंग्यात शेजारी बसलेले मामा पहिल्या दोन स्वरांत राग ओळखून बायकोच्या कानात सांगतात, आणि मग उरलेली वीस मिनिटं पुढचा राग कोणता याच्या विचारात घालवतात. मी त्यांना वर्षानुवर्षं बघते आहे. ते गाणं ऐकत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्यासारखं ऐकायची घाई करू नका.

जमलं तर डिसेंबरात, मार्गळी महिन्यात, चेन्नईला जा. संगीत अकादमीच्या सभागृहात नाही म्हणत मी. तिथे तिकीट मिळालं तर जाच. पण पहाटे मयिलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवर भजन म्हणत फिरणारी मंडळी दिसतील. रचनाकार पापनासम् शिवन् स्वतः एके काळी ही फेरी काढायचे. थंडी नसते, पण सगळ्यांनी कानाला मफलर गुंडाळलेला असतो. आंडाळ या संत-कवयित्रीच्या तिरुप्पावैची तीस पदं त्याच महिन्यात, रोज एक. तिथे कोरवै नाही, कल्पनास्वर नाहीत. पंढरीच्या वाटेवरचा माणूस तिथे परका वाटणार नाही. आणि त्या रस्त्यावर उभं राहून जे ऐकाल तेच संध्याकाळी सभागृहात रेशमी साडीत, तंबोऱ्यासमोर बसून गातायत, हे आपोआप उमगेल.

राहिली एक गोष्ट. निरवल आणि स्वर झाले की तनी आवर्तनम् येतं, म्हणजे मृदंग आणि असेल तर घटम् किंवा खंजिरा, दहा-वीस मिनिटं एकट्यानेच. गायक हाताने ताल देत बसलेला असतो. अर्धं सभागृह या वेळी कॉफीला उठतं, तुम्हीही उठला असाल. उठा हवं तर. पण मृदंगाचा जोर वाढायला लागला की आत येऊन बसा. शेवटची कोरवै तीनदा होते, सात मात्रांच्या लंगड्या चालीत कुठेतरी भलतीकडे जाऊन येते, आणि इतका वेळ शब्दच न ऐकलेल्या कानावर गायकाचा आवाज येतो, न चढवलेला, जवळजवळ बोलल्यासारखा: 'ममता बंधन युत नरस्तुति सुखमा'. मग लगेच टाळ्या सुरू होतात, म्हणून कान आधीपासून तिथेच लावून ठेवा.